पंगतीतला काटा



वारकऱ्यांच्या अंकात हॉटेलातल्या गोडाचा विषय कशाला, असे तुमच्या मनात येईल. माझ्याही आले होते. पण हा विषय मी शोधायला गेले नव्हते. मुलाच्या वाढदिवसाला पुण्यात सगळे मिळून जेवायला गेलो, तेव्हा तो टेबलावर माझ्यापुढे येऊन बसला आणि उठताना माझी एक जुनी चूक माझ्या पदरात टाकून गेला. ती चूक तुम्हांला सांगायची आहे. माझा अंदाज असा, की ती माझ्या एकटीची नाही.

हॉटेल मोठे होते, गावोगाव शाखा असलेले. जेवण झाले आणि गोडाचे कार्ड आले. माझी नात सतरा वर्षांची. ती एकेक ओळ वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, "आजी, ह्या ब्राउनीचे आठशे साठ."

मी म्हटले, "काय ही लूट! एवढ्याशा तुकड्याचे आठशे साठ?"

"रुपये नाही गं. कॅलरी."

सगळे हसले, मीही हसले. चष्मा लावून कार्ड पाहिले तर खरेच, प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे होते. एक किमतीचा, दुसरा कॅलरीचा. खाली बारीक अक्षरात लिहिले होते की सरासरी हालचाल करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला २००० कॅलरी लागतात, मात्र प्रत्येकाची गरज वेगळी असू शकते. मुलाने सांगितले, हा सरकारी नियम आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०२२ पासून तो लागू केला. ज्यांच्या दहा किंवा त्याहून अधिक शाखा आहेत, त्यांनी कार्डावर हे आकडे छापायचे. आपल्या गावच्या मिठाईवाल्याला तो नियम नाही, म्हणून त्याच्या पेढ्यावर काही लिहिलेले नसते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने २००८ सालीच हे सुरू केले होते आणि २०१८ मध्ये ते त्या देशभर झाले. तिथे चीजकेक फॅक्टरी नावाची हॉटेलांची साखळी आहे. तिच्या काही केकचा एकेक तुकडा हजार कॅलरींच्या पुढे जातो. म्हणजे जेवण झाल्यावर 'जरासे गोड' म्हणून माणूस जे खातो, त्यात निम्मा दिवस संपला.

मला शाळेत विज्ञान आवडायचे, म्हणून घरी आल्यावर मी नातीला विचारून हा हिशेब नीट समजून घेतला. तुम्हांलाही सांगते, उपयोगी आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी ऊब लागते, ती एक कॅलरी. कार्डावरची कॅलरी म्हणजे हीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने अन्नातली ही ऊब मोजून काढली. साखर आणि पीठ ग्रॅमला चार, डाळीदुधातले प्रथिन ग्रॅमला चार, आणि तूप, तेल ग्रॅमला नऊ. पाणी शून्य. सारी गंमत या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. आपला डोळा अन्न आकाराने मोजतो. टरबूज मोठे दिसते, पण ते जवळजवळ पाणीच. आठशे साठ कॅलरी टरबुजातून घ्यायच्या तर पावणेतीन किलोहून जास्त गर खावा लागेल. तेवढ्याच कॅलरी ब्राउनीच्या एका तुकड्यात, आइस्क्रीमच्या दोन गोळ्यांत आणि वरून ओतलेल्या चॉकलेटात मावतात, कारण त्यात पाणी थोडे आणि लोणी-साखर पुष्कळ. आणखी एक गोष्ट. थंडीने जिभेला गोडी कमी कळते, म्हणून आइस्क्रीममध्ये साखर जास्त घालावी लागते. वितळलेले आइस्क्रीम चाखून पाहा, गोडमिट्ट लागेल.

मग मी आपल्या घरातला हिशेब मांडला, आणि तिथे जरा लाजले. एकादशीची खिचडी! मूठभर साबुदाणा, साठ ग्रॅम धरा, त्याच्या दोनशे दहा. दाण्याचे कूट पंचवीस ग्रॅम, एकशे चाळीस. दोन चमचे तूप, नव्वद. अर्धा बटाटा, चाळीस. बेरीज चारशे ऐंशी. ही एका बशीची; आणि आपण एका बशीवर थांबतो का, ते ज्याचे त्याने पांडुरंगाला सांगावे. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरींच्या होतात सुमारे चारशे वीस. म्हणजे उपासाच्या दिवशी आपण रोजच्यापेक्षा काही कमी खातो, हा भ्रमच. पुरणपोळी वरच्या तुपासकट चारशेच्या घरात. तेव्हा हॉटेलवाल्याला नावे ठेवायला मला तोंड उरले नाही.

पण त्या संध्याकाळची गोष्ट अजून पुरी झालेली नाही.

सगळ्यांनी काही ना काही मागवले. नातीने कार्ड मिटून बाजूला ठेवले. मुलगा म्हणाला, "अगं, तुला काय?" ती म्हणाली, "मला नको. आजीला विचारा, मला बेतानंच वाढायचं असतं."

हसतच म्हणाली ती. मला काही हसता आले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली गोष्ट. आमच्या गावी रामनवमी ते हनुमान जयंती असा सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले आणि महाप्रसादाची पंगत बसली. बुंदी, वांग्याची भाजी, आमटी, भात. माझी जाऊ बुंदी वाढत होती आणि मी मागून आमटी घेऊन चालले होते. नात बायकांच्या ओळीत बसली होती. जावेने तिच्या पत्रावळीवर ओंजळभर बुंदी टाकली आणि मी, गळ्यात तुळशीची माळ घातलेली मी, मागून मोठ्याने म्हटले, "अगं, हिला बेतानंच वाढ. अंगानं किती सुटलीय बघतेस ना!" दोघीतिघी हसल्या. मायेने म्हटले होते हो, असे मी त्यानंतर कितीदा तरी स्वतःला सांगितले आहे. ती पोर खाली मान घालून जेवली आणि उठून गेली. पुढच्या वर्षी क्लासचे कारण सांगून ती सप्ताहाला आली नाही. आम्हांला ते कारण खरे वाटले.

ज्या पंगतीत आलेल्या कुणालाही नाही म्हणायचे नाही, जात विचारायची नाही, गाव विचारायचे नाही, तिथे मी माझ्या नातीचे वजन विचारले. हे मला दोन वर्षांनी हॉटेलात कळले.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे, आणि तो तुमच्यापुढे ठेवते. देह जाड असणे हा दोष आहे का? आजार होऊ शकतो हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात 'यांना' बारा वर्षे मधुमेह आहे. कार्डावरचा आकडा त्यांच्या फार उपयोगाचा. डॉक्टर सांगतात ते आम्ही ऐकतो, साबुदाणा त्यांच्यापुरता बंद केला, राजगिरा आणि वऱ्याचे तांदूळही मोजून. तेव्हा आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण आजार वेगळा आणि दोष वेगळा. कुणाला दमा असला तर आपण त्याला पंगतीत मोठ्याने सांगत नाही की बघा, हा कसा धापा टाकतो. जाडीचे मात्र सांगतो. का? कारण मनातून आपल्याला वाटते की हे याने स्वतः केले. हा खादाड आहे, याचा जिभेवर ताबा नाही, हा आळशी आहे. देह पाहून आपण मनाची परीक्षा करतो आणि निकालही तिथेच देतो.

ही परीक्षा किती कच्ची आहे, ते पुण्यातल्याच एका गोष्टीवरून सांगते. तिथल्या के. ई. एम. रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वजन आणि उंची यांचे गणित करून जो आकडा काढतात, ज्याला बी. एम. आय. म्हणतात, तो दोघांचा अगदी सारखा होता, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आपल्या लोकांत बारीक दिसणाऱ्या देहातही चरबी लपलेली असते, म्हणून बारीक माणसालाही मधुमेह गाठतो, हे त्यांना दाखवायचे होते. एका डॉक्टरने स्वतःचाच देह उदाहरण म्हणून जगापुढे ठेवला, याचे मला कौतुक वाटते. 'हे' आयुष्यभर काटकुळे. लोक म्हणायचे, तुम्हांला कसली साखर? ती बारा वर्षांपूर्वी रक्तात सापडली. डोळ्यांना काय दिसते आणि आत काय आहे, यांचा मेळ नसतो, हे आपण वारकऱ्यांना तरी नव्याने सांगायला नको होते.

आणि तो बी. एम. आय. तरी कुणी काढला? केटले नावाच्या बेल्जियमच्या एका खगोलशास्त्रज्ञाने, १८३० च्या दशकात. तो आकडेशास्त्राचाही पंडित होता. हजारो माणसांची मोजमापे गोळा करून सरासरी माणूस कसा असतो ते त्याला पाहायचे होते. एकेका माणसाची तब्येत ठरवायला त्याने तो काढलाच नव्हता. डॉक्टरांच्या हातात तो पुष्कळ नंतर आला, आणि आता शेजारणीच्या हातातही आला आहे.

लोकांची नजर तरी कुठे एका जागी राहते? १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आमचा माण तालुका; पाऊस असताही तिथे दुष्काळच, त्या वर्षी तर विहिरींचे तळ दिसले. आई-वडील खडी फोडायच्या कामावर जात. तिथे सुकडी वाटायचे. गोडसर, भरड, हाताला चिकटणारी. आई तिच्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. आज विचार करते तर सुकडी म्हणजे तरी काय होते? कमी जागेत जास्त कॅलरी. ब्राउनीत जे आहे तेच. ते तेव्हा जीव वाचवायला मुद्दाम भरलेले होते. त्या काळात गुबगुबीत मूल दिसले की बायका बोटे मोडून दृष्ट काढायच्या, 'खात्यापित्या घरचं आहे' म्हणायच्या. मी १९८१ मध्ये सासरी आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी चारचौघींत म्हटले, "वाळून गेलीय पोर, माहेरी जेवायला घालत नव्हते का?" ते वाक्य चाळीस वर्षांनी मला शब्दाशब्दाने आठवते. आईने पदरात बांधून आणलेली सुकडी मला त्या क्षणी आठवली होती. आणि तरीही मी माझ्या नातीला तसलेच वाक्य ऐकवले, फक्त उलटे करून. सासूबाईंच्या वेळी बारीक असणे हा बोल होता, माझ्या वेळी जाड असणे. बोल लावायची हौस तेवढी तशीच राहिली.

यात आणखी एक गोम आहे, ती रागावू नका तर सांगते. कीर्तनाला उभे राहिलेल्या बुवांचे पोट पुढे आलेले असले तर आपण म्हणतो, काय भारदस्त व्यक्तिमत्त्व! त्यांना आग्रहाने चौथी पोळी वाढतो, वर तुपाची धार धरतो. तोच देह एखाद्या मुलीचा असला, की तिच्या लग्नाची काळजी साऱ्या गावाला. आमच्या दिंडीतही चालताना मागे पडणाऱ्या जाड बाईला हसतात, आणि मागे पडणाऱ्या बारीक बाईचे पडसे विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, आजी, जिभेचे चोचले पुरवू नयेत असे संतांनी नाही का सांगितले? सांगितले आहे. जिव्हालौल्य हा खराच शत्रू आहे, मी त्याचे समर्थन करत नाही. पण तो राहतो कुठे? माझे स्वतःचे सांगते. माझे वजन आयुष्यात कधी पन्नास किलोंच्या वर गेले नाही. लोक मला संयमी समजतात. आणि मी अशी, की प्रसादाचे पेढे घरी आले तर चार पेढे डाळीच्या डब्यात लपवून ठेवते, सगळे झोपले की खाते. एकादशीच्या दुपारी डोळे मिटून हरिपाठ म्हणताना मला द्वादशीच्या पारण्याचा शिरा दिसलेला आहे. माझ्या देहावर ह्यातले काही लिहिलेले नाही म्हणून मी सुटले. माझ्या नातीला गोड फारसे आवडतही नाही, तिला तिखट आवडते. तिचा बाप तसाच, त्याच्या बापाची आई तशीच होती. अंगकाठी घराण्याची आहे. लौल्य माझ्यात, आणि बोल तिला.

नुसते कमी खाल्ल्याने जीभ जिंकली जाते असेही नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. त्या बी. एम. आय.ला १९७२ साली त्याचे आजचे नाव देणारेही हेच. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे ते शोधायचे होते. छत्तीस तरुण त्यासाठी पुढे आले. हे सगळे सदसद्विवेकाने बंदूक हाती धरायला नकार दिलेले, धर्मभीरू, दुसऱ्यासाठी झिजायला तयार असलेले. सहा महिने त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरी मिळत, आणि आठवड्याला बावीस मैल चालायचे. वजन जवळजवळ चौथाईने उतरले. पण मनाचे काय झाले? ती मुले दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तके जमवून वाचू लागली, ताटली चाटू लागली. चिडचिडी झाली, उदास झाली. देह उतरला, आणि चित्त ताटात जाऊन बसले. आता १५७० हा आकडा पाहा. आजकाल वजन उतरवायला निघालेल्या कित्येक मुली याहूनही कमी खातात, आणि आपण त्यांना शाबासकी देतो.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी योग्याच्या आहाराविषयी सांगितले आहे, ते आपण सगळ्यांनी पारायणात वाचलेले आहे. जिभेला विकला गेलेला जसा तिथे अपात्र, तसाच हट्टाने भूक मारणाराही अपात्र. दोघांचेही लक्ष अन्नातच अडकलेले. आहार मापाचा हवा तो देहाला शिक्षा म्हणून नव्हे, तर भजनाला बसल्यावर पोटाची आठवण होऊ नये म्हणून. पोट फार भरले तरी आठवण होते, रिकामे असले तरी होते.

आणि सतरावा अध्याय. तो मी त्या हॉटेलच्या रात्री घरी येऊन पुन्हा उघडला. आधी आहाराचे तीन प्रकार येतात. सात्त्विक आहाराचे वर्णन वाचताना मला नेहमी बरे वाटते, कारण त्यात रसाळपणा आहे, स्निग्धपणा आहे. कोरडे, जळजळीत अन्न पुढच्या प्रकारात गेले आहे. मग यज्ञ, मग तप. तपात देहाचे, वाणीचे, मनाचे असे भाग. वाणीचे तप कोणते? ऐकणाऱ्याला उद्वेग होणार नाही असे बोलणे. खरे, गोड आणि हिताचे. मी कितीतरी वर्षे हा अध्याय वाचते आहे, पण आहार आणि वाणी एकाच अध्यायात पुढेमागे आहेत हे कधी ध्यानात आले नव्हते. दोन्ही कामे एकाच जिभेची. आत काय घ्यायचे तेही तिने ठरवायचे, आणि बाहेर काय सोडायचे तेही. मी आयुष्यभर पहिल्या कामावर पहारा ठेवला, तोही डाळीच्या डब्याचा अपवाद करून. दुसरे काम मोकाट.

काही माउली विचारतील, मग लेकराच्या तब्येतीला धोका दिसत असला तरी गप्प बसायचे का? वर सांगितले ना, वाणीच्या तपात 'हिताचे' हेही आहे. पण हिताचे बोलणे पंगतीत, हातात आमटीचे भांडे घेऊन होत नसते. ते एकांतात होते, आणि बोलणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचे असते, हे मी हिच्यासाठी बोलते आहे की ऐकणाऱ्या बायकांसाठी? मी त्या दिवशी कुणासाठी बोलले ते मला पक्के ठाऊक आहे. त्या हसल्या तेव्हा मला बरे वाटले होते.

इंग्लंडात एप्रिल २०२२ मध्ये असाच कार्डाचा नियम आला, तेव्हा खाण्याच्या आजारांनी पछाडलेल्या माणसांसाठी काम करणाऱ्या 'बीट' या संस्थेने विरोध केला. काही माणसे हे आकडे पाहून खाणेच सोडतात, असे तिचे म्हणणे. नियम रद्द झाला नाही, पण त्यात एक सोय आहे: कुणी मागितलेच तर आकडे नसलेले कार्ड त्याला देता येते. मला ही सोय फार आवडली. ज्याला माहिती हवी त्याने घ्यावी, ज्याला तिचा काटा रुततो त्याच्यापुढून ती बाजूला ठेवावी. हॉटेलवाल्याने एवढे जाणायचे, आणि आपण घरातल्यांनी नाही?

आपण एकमेकांना माउली म्हणतो. वाटेत भेटलो की वय, मान, पैसा काही न पाहता एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. ते पाय जाड की बारीक हे त्या वेळी कुणी पाहत नाही. पैठणच्या कूर्मदासाची कथा तुम्हांला मी काय सांगावी? हात नाहीत, पाय नाहीत, देहाचा नुसता गोळा, आणि निघाला पोटावर सरपटत पंढरीला. माढ्याजवळ लऊळपाशी त्याचे बळ संपले, आणि देव पंढरी सोडून त्याला भेटायला तिथे आला. हे आख्यान मी कीर्तनात दहा वेळा ऐकले असेल, दहाही वेळा डोळे पुसले. डोळे पुसून झाल्यावर पदर खोचला आणि पंगत वाढायला गेले.

हॉटेलातून परत आल्यावर मी नातीच्या खोलीत गेले. तिला म्हटले, "बाळा, मी तेव्हा चुकीचं बोलले." ती म्हणाली, "जाऊ दे गं आजी, मी विसरले." विसरली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होते. मी तिच्या पायांना हात लावायला वाकले तर ती घाबरून उठली, म्हणाली, "काय करतेस, वेडी आहेस का!" मग बराच वेळ दोघी नुसत्या बसलो. तिनेच शेवटी विषय बदलला आणि मला कॅलरीचा तो हिशेब समजावून द्यायला लागली.

यंदाच्या सप्ताहात मी वाढणाऱ्यांच्या यादीतून माझे नाव काढले आणि पाण्याचे काम घेतले. जाऊबाईंनी कारण विचारले, मी गुडघ्यांचे दुखणे पुढे केले. काल्याच्या दिवशी नात आली, मैत्रिणीलाही घेऊन आली. दोघी बायकांच्या ओळीत मधोमध बसल्या. बुंदी वाढणारी त्यांच्यापाशी पोचली तेव्हा मी दुसऱ्या टोकाला तांब्या घेऊन उभी होते. तिच्या पत्रावळीवर किती बुंदी पडली, तिने किती खाल्ली, ते मी पाहिले नाही. पाहायची इच्छा झाली होती, हे खोटे कशाला सांगू? मी पुरुषांच्या ओळीत पाणी वाढायला गेले.